चाकणला गाडी जोडणारे हात नांदेडात ती खोलू का शकत नाहीत?

फोक्सवॅगनची पोलो जर्मन गाडी म्हणून ओळखली जाते. पण आपल्या रस्त्यावर धावणारी पोलो जर्मनीतून आलेली नाही, पुण्याजवळच्या चाकणहून आली आहे. चाकणचा हा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला आणि २०२२ पर्यंत तिथे पोलो तयार होत राहिली. स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ पासून शेंद्र्यात, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्याच उंबऱ्यावर जुळू लागली. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात बनते. फियाटचे इंजिन रांजणगावला बनत आले. युरोपची म्हणून ज्या गाड्यांकडे आपण लांबून पाहतो, त्यातल्या बहुतेक आपल्याच राज्यात जन्मलेल्या आहेत.

आणि त्या कोणाच्या हातांनी जुळल्या? नांदेड, लातूर, हिंगोली, परभणीच्या पोरांच्या हातांनीही जुळल्या. आयटीआय करून, कधी दहावी-बारावीवरच, ठेकेदाराच्या कागदावर सही करून ही पोरे चाकण, रांजणगाव, वाळूजच्या लाईनवर उभी राहिली. एका खोलीत सहा जण राहायचे, तीन पाळ्यांत ड्युटी करायची. ‘नीम’ नावाची एक योजना २०१३ पासून होती. तिच्याखाली हजारो पोरे ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून राबली आणि कामगार म्हणून मोजली गेली नाहीत. २०२२ साली ती योजना बंद झाली, ठेकेदारी काही बंद झाली नाही. लाईनवरचा पोरगा तीन वर्षे दाराचे रबर बसवतो किंवा एकच बोल्ट कसतो. बोल्ट किती पीळ देऊन कसायचा हे मशीन ठरवते, पोराला ते ठाऊक नसते. करार संपला की तो गावी परत येतो. त्याच्या हातून गेलेली गाडी पुढे एखाद्या डॉक्टरच्या किंवा कंत्राटदाराच्या दारात उभी राहते आणि बंद पडली की ट्रकवर चढून पुण्याला किंवा हैदराबादला जाते. ती इथे खोलायला हात मिळत नाहीत.

हे असे का, याचा विचार आपल्या तरुणांनी आणि त्यांच्या आईबापांनी केला पाहिजे. गाड्या वाढल्या आहेत. तुळजापूर–लातूर–अहमदपूर–नांदेड–यवतमाळ–बुटीबोरी हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग रुंद झाल्यापासून एमएच-२४ आणि एमएच-२६ च्या नंबरप्लेटखाली कोणत्या गाड्या पळतात, हे टोलनाक्यावर तासभर उभे राहिले तरी कळेल. २०१० च्या ऑक्टोबरमध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत दीडशे मर्सिडीज एकगठ्ठा विकल्या गेल्या, त्याची बातमी देशभर झाली. कोणी किती कोटींच्या गाड्या घेतल्या, याचीच चर्चा झाली. त्या पुढची पंधरा वर्षे कोण दुरुस्त करणार, हे कोणी विचारले नाही. रोजगार होता तो तिथेच.

पहिला गैरसमज काढून टाकू. ‘इंपोर्टेड गाडीला आपण हात लावायचा नाही’ हे वाक्य गॅरेजमधल्या पोराला पहिल्याच आठवड्यात ऐकवले जाते. प्रत्यक्षात त्या पोराने युरोपच्या इंजिनाला कधीच हात लावलेला असतो. मारुती स्विफ्टच्या डिझेल गाडीतले १.३ चे इंजिन मुळात इटलीच्या फियाटचे. तेच टाटाच्या व्हिस्टात होते, मांझात होते. टॅक्सीवाल्यांनी लाखो किलोमीटर पळवलेले हे इंजिन नांदेड-लातूरच्या प्रत्येक मोठ्या गॅरेजात शंभरदा खोलले गेले आहे. महिंद्राच्या लोगानमध्ये आणि नंतर रेनॉ डस्टरमध्ये आलेले १.५ चे डिझेल फ्रान्सचे. आता एवढा फरक आहे की फियाटच्या त्या इंजिनाला टायमिंग चेन आहे आणि रेनॉच्या इंजिनाला बेल्ट. बेल्ट बदलताना क्रँक आणि कॅम पिनने अडवून ठेवावे लागतात. पिन न लावता अंदाजाने खुणा करून बेल्ट चढवला आणि एक दात चुकला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन जाते. साध्या पोलादाच्या दोन पिना असतात. त्या आहेत की नाहीत, यावर इंजिन वाचते किंवा जाते.

पोराच्या हातात काही कमी नाही. माहितीला मात्र कुलूप आहे.

हे मी हवेत बोलत नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारताच्या स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध निकाल दिला. त्यात फोक्सवॅगन, स्कोडा, मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, फियाट होत्या आणि मारुती, टाटा, महिंद्राही होत्या. या कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची पुस्तके आणि गाडीचा दोष शोधणारी यंत्रे स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत आणि त्यामुळे ग्राहकाला कंपनीच्याच दारात जावे लागते, असे आयोगाला आढळले. एकूण दंड अडीच हजार कोटींहून अधिक होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि कोर्टबाजी लांबत गेली. युरोपात मात्र कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजला फी घेऊन का होईना, पण द्यावीच लागते, असा कायदा आहे. तिथला गल्लीतला मेकॅनिक तासाच्या हिशोबाने पैसे भरून कंपनीचेच पुस्तक वाचू शकतो. आपल्याकडे २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयावर समिती नेमली. ज्या चार क्षेत्रांची नावे त्यात आली त्यात वाहने आहेत. पोर्टलही निघाले. तरी लातूरच्या गॅरेजमधल्या पोराच्या हातात अजून पुस्तक आलेले नाही.

ज्ञान कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे ठरवणाऱ्यांशी आपली ओळख जुनी आहे. म्हणून हा विषय या पानावर. विषय पान्याचा असताना बाबासाहेब कशाला, असे कोणी म्हणेल. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे निवेदन दिले. त्यात कॉलेजच्या आणि परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या होत्याच, शिवाय आमच्या पोरांना सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये शिकाऊ म्हणून घ्या, अशी मागणी होती. त्या काळी छापखाना आणि रेल्वेचे वर्कशॉप म्हणजे सर्वात नवे तंत्र. जुने हलके काम सोडून दुसरे हलके काम घ्या, असे त्यांनी सांगितले नाही. जिथे यंत्र नवे आहे आणि जातीने अजून कब्जा केलेला नाही, तिथे आधी पोहोचा, असा त्या मागणीचा अर्थ आहे. आजच्या गाडीत डझनभर संगणक असतात. ते वाचणारा माणूस अजून कोणत्याही जातीचा ठरलेला नाही.

दुसरी अडचण आपल्या गॅरेजच्या रचनेतच आहे. आपल्याकडचे जुने उस्ताद, त्यात बरेच मुसलमान बांधव, यांच्या हाताला तोड नाही. इंजिनाच्या आवाजावरून बेअरिंग गेले की टॅपेट सैल, हे ते सांगतात. त्यांनी अनेक पोरांना पोटाशी धरून शिकवले, हे आधी मान्य केले पाहिजे. पण शिकवण्याची पद्धत अशी की पोऱ्याने दोन वर्षे डिझेलमध्ये पार्ट धुवायचे, चहा आणायचा, पाने पुसायचे. पोऱ्या विचारतो, “चाचा, हा बोल्ट कितीवर कसायचा?” चाचा म्हणतात, “बेटा, हाताला कळतं.” ॲम्बॅसिडरच्या आणि जीपच्या जाड लोखंडी बोल्टला ते चालत होते. ॲल्युमिनियमच्या इंजिनात हाताचा अंदाज चालत नाही, आटे जातात आणि मग दोनशे रुपयांच्या ऑईल बदलीत हजारोंचा चेंबर भरून द्यावा लागतो.

म्हणून अवजारांबद्दल सविस्तर लिहितो. कोणाला हे वर्तमानपत्राच्या लेखात नको वाटेल. पण आपल्या पोरांना उपदेश करणारे भरपूर झाले, यादी देणारे कमी आहेत.

मारुती-ह्युंदाईवर काम करणाऱ्याच्या हातात १०, १२, १४, १७ ची गोटी बसलेली असते. जर्मन गाडीत १० तीच, पण पुढे १३, १६, १८ आणि २१ लागतात. १२ आणि १४ जवळपास पडूनच राहतात. सेट घेताना दुकानदार ‘सगळे आहे’ म्हणतो. पेटी उघडून १६ आणि १८ आहेत का ते आधी पाहा. गोटी सहा कोनांची घ्या. बारा कोनांची गोटी घट्ट बोल्टचे कोपरे खाते. नाशिकच्या टपारियाचा माल आपल्याकडे सगळीकडे मिळतो आणि सुरुवातीला तो पुरतो. नुसती चमक पाहून नाव नसलेला स्वस्त सेट घेऊ नका. पहिल्याच गंजलेल्या सायलेन्सरला त्याची गोटी फाटते.

दुसरी गोष्ट म्हणजे बोल्टची डोकी. युरोपच्या गाडीत साधा षटकोनी बोल्ट कमी. आपले मेकॅनिक ज्याला ‘स्टार’ म्हणतात त्या सहा पाकळ्यांच्या बिट लागतात, टी-२० पासून टी-५५ पर्यंत. याच्या उलट काही ठिकाणी बोल्टचे डोकेच ताऱ्यासारखे असते, त्यावर बसणारी वेगळी गोटी लागते. आणि फोक्सवॅगन-स्कोडात एक तिसरा प्रकार आहे, बारा टोकांचा. तो पाहिला की नवा माणूस हमखास त्यात टॉर्क्स किंवा ॲलन की ठोकून बसवतो आणि फिरवतो. डोके गोल झाले की एक्सलचा बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो. म्हणून बारा टोकांचा एम-८ आणि एम-१० चा बिट आधी घ्या, मग ॲक्सलला हात लावा. बिट बसवण्यापूर्वी खाचेतली माती खिळ्याने खरवडून काढा. आपल्या रस्त्यांची काळी माती वाळली की सिमेंटसारखी होते. त्यावर बिट अर्धाच बसतो आणि निसटतो. ब्रेक कॅलिपरसाठी ७ ची ॲलन की लागते. साध्या सेटमध्ये ६ नंतर थेट ८ असते, तेव्हा ती सुटी मागून घ्या.

तिसरा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा, टॉर्क पाना. फोक्सवॅगन-स्कोडाच्या चाकाला मारुतीसारखे स्टड आणि नट नसतात. बोल्ट थेट हबमध्ये जातो, १७ च्या डोक्याचा. तो १२० न्यूटन-मीटरवर कसायचा असतो. एक मीटर लांब दांड्याला साधारण बारा किलो वजन टांगल्यावर जो पीळ पडेल, तो म्हणजे १२० न्यूटन-मीटर. पंक्चरवाला दांड्यावर पाय देऊन उभा राहतो, तेव्हा तो किती देतो कोणास ठाऊक! डिस्कला बाक येतो आणि महिन्याने ग्राहक तक्रार करतो की ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरते. ऑईल चेंबरचा बोल्ट याच्या पाव भाग, ३० च्या आसपास. हेडचे बोल्ट आधी ठरलेल्या आकड्यापर्यंत आणि मग नव्वद-नव्वद अंश फिरवून कसायचे असतात. ते बोल्ट ताणले जातात, म्हणून पुन्हा वापरायचे नसतात. ‘जुनेच टाक, चांगले दिसतात’ असे ग्राहक म्हणाला तरी टाकू नका. काम नाकारले तरी चालेल. टॉर्क पाना काम झाल्यावर सैल करून ठेवायचा आणि त्याने कधीही बोल्ट उघडायचा नाही.

जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका, घोडी लावाच. याचे कारण लिहायची गरज नाही. कोणत्या ना कोणत्या गावात कोणी तरी गेलेला असतो. चष्मा आणि हातमोजे मुकाट घालावेत.

ऑईलचे सांगतो. डब्यावर ५-डब्ल्यू-३० लिहिले म्हणजे झाले असे नाही, तो नुसता घट्टपणा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात कंपनीच्या मान्यतेचे आकडे असतात. फोक्सवॅगन गटाचे ५०२, ५०४, ५०७; मर्सिडीजचे २२९ ने सुरू होणारे; बीएमडब्ल्यूचे लाँगलाईफ. गाडीच्या पुस्तकात जो आकडा, तोच डब्यावर पाहिजे. कूलंटही तसेच. गुलाबी-जांभळ्यात हिरवा मिसळायचा नाही आणि रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतायचे नाही. आपल्याकडच्या बोअरचे पाणी किती खारट आहे ते घरातल्या बादलीवरचा पांढरा थर सांगतो. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात गाडी उकळते. डिस्टिल्ड वॉटरचा कॅन फार महाग नसतो.

आता स्कॅनर. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असते. आपल्या देशात एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ही व्यवस्था पूर्ण स्वरूपात सक्तीची आहे. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारे ब्लूटूथ यंत्र त्यात घालून मोबाईलवर कोड वाचता येतो. शिकायला ते उत्तम, पण ते इंजिनाचेच वाचते. एबीएस, एअरबॅग, गिअरबॉक्सपर्यंत ते पोहोचत नाही. सर्व कंपन्यांचे चालणारे चांगले स्कॅनर चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. ते पहिल्या वर्षी घेऊ नका. पण पुढे लागणारच, हे धरून चाला. कारण बीएमडब्ल्यूत बॅटरी बदलली तरी गाडीच्या संगणकाला तसे कळवावे लागते. ज्या गाडीला बटणाचा हँडब्रेक आहे तिचे मागचे ब्रेक पॅड स्कॅनरने मोटर मागे घेतल्याशिवाय काढता येत नाहीत, जोर लावला तर मोटरच मोडते. चोरीच्या सॉफ्टवेअरची नक्कल यंत्रे बाजारात स्वस्त मिळतात. त्यांनी नुसते वाचावे. गाडीत काही लिहायला गेलात आणि मधेच बंद पडले, तर ग्राहकाचा महागडा मॉड्यूल तुमच्या नावावर जाईल.

स्कॅनर असलेल्या बऱ्याच गॅरेजमध्ये आणखी एक चूक होते. कोड आला ‘मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर’ की लगेच नवा सेन्सर मागवतात. कोड तक्रार कुठून आली ते सांगतो, गुन्हेगार कोण ते सांगत नाही. सेन्सर ठीक असतो, वायर तुटलेली असते. सोयाबीनचे पोते ठेवलेल्या शेडमध्ये गाडी उभी असली की उंदरांना वायर कुरतडायला वेळ लागत नाही. तिथे हजार रुपयांच्या आतला मल्टिमीटर लाखाच्या स्कॅनरपेक्षा जास्त कामाचा. व्होल्ट आहे का, अर्थ आहे का, वायर सलग आहे का, हे तीन प्रश्न मीटरला विचारता येतात. त्यासाठी ओहमचा नियम येणे पुरते, आणि तो नववी-दहावीच्या विज्ञानात आपण घोकलेला आहे. माझे ठाम मत आहे की नव्या पोराने पाने घ्यायच्या आधी मल्टिमीटर घ्यावा आणि महिनाभर जुन्या भंगार वायरिंगवर सराव करावा.

पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. ती एअरबॅग. लावायचाच तर बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबायचे. नारंगी वायर हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीची. तिचे वेगळे प्रशिक्षण झाल्याशिवाय जवळ जाऊ नये, शेकडो व्होल्ट असतात.

मग वाचनाचा प्रश्न येतो. इथे आपली पोरे कचरतात. वायरिंगचे नकाशे, दुरुस्तीची पुस्तके इंग्रजीत असतात. मराठी माध्यमातला पोरगा पहिले पान पाहून मिटतो. पण हे इंग्रजी कादंबरीचे नाही. दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात: सैल करा, कसा, बदला, तपासा, दाब, तापमान, डावा, उजवा. एक वही करा. रोज पाच शब्द, आणि ज्या गाडीवर काम केले तिचे मॉडेल, साल, किलोमीटर, तक्रार, कोड, काय तपासले, काय निघाले. दोन वर्षांनी ही वही कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा मोलाची होईल. वस्तीतल्या बुद्धविहारात वा वाचनालयात स्पर्धा परीक्षेची पुस्तके असतात, चांगलेच आहे. एका कपाटात वाहनदुरुस्तीची पुस्तके ठेवायला कोणाची हरकत आहे? लातूरने डॉक्टर-इंजिनीअर घडवण्याचा ‘पॅटर्न’ देशाला दिला म्हणतात. त्या पॅटर्नची फी ज्यांना परवडत नाही, त्या पोरांचे काय करायचे, यावर लातूरने अजून पॅटर्न काढलेला नाही.

शिक्षणाचा रस्ता असा. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय आयटीआय आहे. मेकॅनिक मोटार व्हेईकल हा दोन वर्षांचा ट्रेड, मेकॅनिक डिझेल एक वर्षाचा. डिझेलच्या प्रवासी गाड्या कमी होत चालल्या आहेत, फोक्सवॅगन-स्कोडाने २०२० साली बीएस-६ आल्यावर इथे बनणाऱ्या गाड्यांतले डिझेल बंदच केले. तेव्हा निवड असेल तर दोन वर्षांचा ट्रेड घ्यावा. डिप्लोमा करायचा असेल तर नांदेडचे शासकीय तंत्रनिकेतन आणि लातूरचे पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. डिप्लोमानंतर मर्सिडीजने पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनाबरोबर २००२ साली सुरू केलेला ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा अभ्यासक्रम आपल्या फार थोड्या मुलांना माहीत आहे. मुलींनाही सांगा. स्कॅनर आणि मीटरच्या कामाला दंडाचा जोर लागत नाही आणि तेच काम पुढे वाढणार आहे.

आयटीआयनंतर लाईनवर जाण्याची घाई करू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे, तीस किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. त्यात मोठ्या गाड्यांची सर्व्हिस सेंटरही आली. आयटीआय झालेल्याला त्या नियमांत महिना किमान सात हजार विद्यावेतन ठरले होते. रक्कम फार नाही. पण कारखान्याच्या लाईनवर एकच बोल्ट कसण्यापेक्षा सर्व्हिस सेंटरमध्ये वर्षभर रोज वेगळी बिघडलेली गाडी समोर येते, कंपनीचे पुस्तक उघडे असते, खरा स्कॅनर हाताला लागतो. बाहेर ज्याला कुलूप आहे ते तिथे वर्षभर उघडे आहे. उमेदवारीचा अर्ज ऑनलाईन भरता येतो आणि कराराची प्रत मागून घ्यायची. नुसते तोंडी ‘ये उद्यापासून’ म्हटले तर तो शिकाऊ नाही, फुकटचा हेल्पर आहे. आपल्या संघटनांनी निवेदने पुष्कळ दिली. एक निवेदन या विषयावर द्यावे: जिल्ह्यातल्या किती सर्व्हिस सेंटरनी कायद्याने किती शिकाऊ घेतले आणि त्यात अनुसूचित जातींचे किती? माहिती अधिकारात विचारता येते.

पैशाचे थोडक्यात. वर सांगितलेली पाने, बिट, टॉर्क पाना, मीटर, घोड्या एवढ्याला मुद्रा योजनेच्या शिशू गटातले पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज पुरते. त्याला तारण लागत नाही. बँक तारण मागत असेल तर लेखी नकार मागा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि मातंग समाजासाठी अण्णाभाऊ साठे महामंडळ यांच्या जिल्हा कार्यालयांतही चौकशी करावी. तिथल्या फेऱ्यांचा अनुभव सर्वांना आहे, तरी करावी. आठवड्याच्या हप्त्याच्या खासगी फायनान्सवर मात्र अवजारे घेऊ नका. अवजार पहिले सहा महिने कमावत नाही.

राहिला जागेचा आणि ग्राहकाचा प्रश्न, जो आपल्या पोरांच्या वाट्याला जास्त येतो. रस्त्याला लागून शटर भाड्याने घ्यायला गेले की मालक गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, मग ‘भावाला विचारून सांगतो’ म्हणतो. ही गोष्ट पुण्याच्या पेपरात येत नाही. यावर एक तोड काही पोरांनी काढली आहे, आणि ती मला शहाणपणाची वाटते: आधी शटर घ्यायचेच नाही. मोटारसायकलवर पेटी बांधून ग्राहकाच्या दारात जाऊन काम करायचे. स्कॅन, बॅटरी, ब्रेक पॅड, फिल्टर, वायरिंग, एवढे सगळे दारात होते. ज्याला शटर मिळाले त्याने आणि ज्याला नाही त्यानेही बिल द्यावे, कामाचा कागद करावा, जुना पार्ट कागदात गुंडाळून डिकीत ठेवावा, कोडचा फोटो आधी आणि नंतर पाठवावा. पन्नास लाखांची गाडी देणारा माणूस आधी मेकॅनिकचे आडनाव पाहील, हे खरे. पण ट्रकवर गाडी चढवून हैदराबादला पावणेतीनशे किलोमीटर पाठवण्याचा खर्च पाहिला की त्याला आडनाव कमी दिसू लागते, हेही तितकेच खरे.

पहिल्या वर्षी डीएसजी गिअरबॉक्स, एअर सस्पेन्शन आणि इंजिनाचे टायमिंग घेऊ नका. ‘हे माझ्याकडे होत नाही, अमुक ठिकाणी न्या’ असे स्पष्ट सांगा. उस्तादांशी भांडू नका. त्यांना स्कॅनर वाचून द्या, त्यांच्याकडून आवाज ओळखायला शिका. अहमदपूर ते लोहा या पट्ट्यात रात्री गाडी बंद पडली असा फोन आला, तर पेटीत मीटर, फ्यूजचा डबा, जंपर केबल, १७ ची गोटी, बारा टोकांचे दोन बिट, दोन लिटर डिस्टिल्ड वॉटर, चांगली बॅटरी आणि उजेड देणारे जॅकेट असू द्या. निघण्यापूर्वी ग्राहकाकडून मॉडेल आणि साल विचारून वहीत लिहा.